मुदखेडला सगळ्याच बायका हिरव्या साडीत

आमच्या शेजारच्या मालनकाकूंनी बासष्ट वर्षांत आगगाडी पाहिली ती फक्त रेल्वेगेटच्या अलीकडून. सासर भीमपूरकडचं. कापसाच्या गाडीवर बसून आदिलाबादला यायच्या, गेट पडलं की उतरून डबे मोजायच्या. पुढे मुलाला नोकरी लागली, शहरात घर झालं, गेटही घरापासून दहा मिनिटांवर आलं, पण गाडीत बसायचा योग काही आला नाही. यंदा घटस्थापनेच्या आधी त्या माझ्या ओट्यावर येऊन बसल्या आणि म्हणाल्या, "शोभा, तू साऱ्या दुनियेले गाडीत बसवते. मलेच काऊन नाही बसवत?"

साऱ्या दुनियेला म्हणजे काय, तर मी हे लिहिते ते. मी दहावी शिकलेली, घरखर्चाची वही ठेवणारी बाई. देवदर्शनाला गेले की कोणत्या गाडीला काय लागलं हेही वहीत लिहायचे. मुलीने ते मोबाईलवर टाकायला शिकवलं. तेव्हापासून बायका विचारतात, ताई, तिरुपतीला स्वस्तात कसं जायचं, माहूरला बस कुठून लागते. दोन-चार जणींना मी सोबतही घेऊन जाते. त्याचे पैसे घेत नाही. देवाच्या वाटेवर कोणाचं भलं झालं तर मलाच बरं वाटतं.

पण खरं सांगते, सोबत कोणी असलं की मी आदल्या दिवसापासून घाबरलेली असते. एकटी असले तर भीती नाही. दुसऱ्याचं माणूस सोबत असलं की दर स्टेशनला डोकी मोजते. यावेळी मोजायला दोनच डोकी होती, मालनकाकू आणि मागच्या गल्लीतली रेखा. तरी एक चुकलं.

ठरलं बासरला सरस्वतीच्या दर्शनाला जायचं. खरं तर आदिलाबादहून बासरला बसने गेलं तर आम्हा बायकांना तिकीटच नाही. आधार कार्डावर तेलंगणचा पत्ता असला की पल्लेवेलुगू म्हणजे गावोगावी थांबणाऱ्या साध्या बसमध्ये आणि एक्सप्रेसमध्ये कंडक्टर शून्य रुपयाचं तिकीट देतो. कार्ड मूळ न्यावं, झेरॉक्सवर वाद होतात. रेखाच्या कार्डावर अजून माहेरचा, किनवटचा पत्ता आहे, म्हणून तिला पैसे पडतात. "सात वर्षं झाली लग्नाले, तरी सरकार मले सासरी पाठवून नाही राह्यलं," असं ती सगळ्यांना सांगते. पण काकूंना गाडीत बसायचं होतं. म्हणून जाताना रेल्वे आणि येताना बस असा बेत केला. सणाच्या गर्दीसाठी सोडलेली जादा गाडी पहाटे आदिलाबादहून निघणार होती आणि तिने गाडी न बदलता बासरला उतरता येणार होतं. साध्या डब्याचं तिकीट माणशी शंभराच्या आत.

काकूंचा मुलगा प्रकाश एका कचेरीत कारकून आहे. आईला एकटं कुठे सोडत नाही. निघताना आम्हाला स्टेशनवर पोचवायला आला आणि मला बाजूला घेऊन म्हणाला, "ताई, आईले लिहिता-वाचता येत नाही, फोन वापरत नाही. तुमच्या जिवावर सोडून राह्यलो."

मी म्हटलं, "काही काळजी करू नको."

आता माझी पद्धत सांगते, कारण पुढचं सगळं तिच्यामुळे झालं. तिघींचं तिकीट मी एकाच कागदावर काढते. एक रांग, एक कागद, हरवायची भीती नाही. सगळ्यांची आधार कार्डं, गोळ्या, सुटे पैसे माझ्या लाल पिशवीत ठेवते, ती पिशवी गळ्यात. बायका रुमालात पैसे बांधतात आणि रुमालच विसरतात, म्हणून. आणि तिसरं, सगळ्यांनी एका रंगाची साडी नेसायची, म्हणजे गर्दीत एकमेकींना ओळखता येतं. ही युक्ती मी इथे आधी लिहिलीसुद्धा आहे, आणि वाचून कितीजणींनी शाब्बासकी दिली होती. त्या दिवशी नवरात्राचा रंग हिरवा होता. रेखाने आदल्या दिवशी सगळ्यांना कळवलं होतं. मला वाटलं, बरंच झालं, वेगळं सांगायला नको.

गाडी सुटली तेव्हा काकूंनी दोन्ही हातांनी खिडकीचे गज धरले. गेटजवळून जाताना पलीकडे थांबलेल्या मोटारसायकली दिसल्या. त्यांना पाहून काकू एवढ्या मोठ्याने हसल्या की समोरचा म्हातारा दचकला. "पाह्य रेखा, आज ते थांबेल हायेत न् मी चालली!"

किनवटपर्यंत डोंगर आणि सागाचं रान. उजाडलं तसं कापसाची शेतं दिसू लागली, कुठे कुठे बोंडं फुटलेली. आम्हा तिघींना नवरात्राचे उपवास. भाजलेले शेंगदाणे, केळी आणि रात्री करून ठेवलेल्या राजगिऱ्याच्या वड्या असा फराळ घरूनच नेला होता. चहा सोडला तर वाटेत काही विकत घेतलं नाही. काकू नऊ दिवस अनवाणी राहतात. डब्याच्या लोखंडी फरशीवर पाय ठेवून म्हणाल्या, "खालून कशी थरथरते वं माय ही!" मी त्यांच्याकडे पाहत होते आणि मनात म्हणत होते, सुखरूप जाऊ दे.

भोकर गेलं, मुदखेड आलं. मुदखेडला काय होतं ते नीट वाचा. आदिलाबादकडून येणारा रूळ आणि बासरकडे जाणारा रूळ मुदखेडला अशा तऱ्हेने भेटतात की इंजिन पुढून काढून मागच्या टोकाला लावावं लागतं. गाडी पंधरा-वीस मिनिटं थांबते आणि मग ज्या बाजूने आली त्याच बाजूला चालू लागते. थोड्याच अंतरावर फाटा येतो आणि ती वेगळ्या वाटेला लागते. मला हे पाठ आहे. मी ते सांगायचं विसरले. मला माहीत असलेली गोष्ट सगळ्यांनाच माहीत असते असं मला त्या दिवशी वाटलं असावं.

मी बाटल्या भरायला उतरले. जाताना रेखाला म्हटलं, "काकूंकडे लक्ष ठेव." नळावर गर्दी होती. बाटल्या भरून मी आमच्याच डब्याच्या पलीकडच्या टोकाच्या दाराने चढले. त्या दारापाशी हैदराबादला निघालेलं एक कुटुंब बसलं होतं. त्यांनी पुढे कुठे उतरून कोणती बस स्वस्त पडेल असं विचारलं, आणि माझं सुरू झालं. मोबाईलवर साधं तिकीट कसं काढायचं, रांग कशी टाळायची, लहान मुलांचं काय. बाई वहीत लिहून घेत होती. लिहून घेणारं माणूस भेटलं की मला भान राहत नाही. गाडी हलली तेव्हाही मी बोलतच होते.

जागेवर आले तर रेखा खिडकीला डोकं टेकून झोपलेली. काकू नाहीत.

मी म्हटलं, संडासला गेल्या असतील. दोन्ही बाजूंचे संडास पाहिले. एकात कोणी पुरुष होता, दुसरा रिकामा. समोरच्या म्हाताऱ्याला विचारलं, तर तो म्हणाला, "त्या बाई तर उतरल्या की! इंजिन मागं लागलं ते बघून घाबऱ्या झाल्या. गाडी वापस चालली म्हणे. तुम्ही खाली राहिलात म्हणून बोलवायला गेल्या. मी म्हटलं थांबा, तर ऐकेनात."

"केव्हा?"

"हलायच्या जरा आधी."

हलायच्या जरा आधी म्हणजे किती आधी? मी दारात जाऊन मागे पाहिलं. रूळ दिसत होते, स्टेशन दिसत नव्हतं. उतरताना त्यांचा पाय कुठे पडला असेल, हा विचार मनात आला. मी तिथेच दाराशी बसले.

रेखा उठून आली. "ताई, साखळी ओढू का?"

"इथे रानात थांबून काय करशील? पुढे उमरी येते. तिथे उतरू."

उमरी येईपर्यंत मी किती वेळा सरस्वतीचं नाव घेतलं ते तिलाच माहीत. उतरून थेट स्टेशन मास्तरांच्या खोलीत गेलो. ते भले गृहस्थ होते. आधी पाणी दिलं, मग मुदखेडला फोन लावला. "नाव सांगा. वर्णन सांगा."

"मालनबाई. वय बासष्ट. हिरवी साडी, अनवाणी."

ते फोनवर तेच बोलले. पलीकडचं उत्तर ऐकून मला म्हणाले, "बाई, आज हिरवा रंग आहे. तिकडे म्हणतात, फलाटावर सगळ्याच बायका हिरव्या साडीत आहेत. निम्म्या अनवाणी. आणखी काही खूण?"

मला दुसरी खूण सुचेना. इतकी वर्षं शेजार, आणि मला त्यांची एक खूण सांगता येईना. शेवटी रेखा म्हणाली, "हनुवटीवर गोंदण हाय. तीन टिपके."

त्यांनी सांगितलं की नावाने पुकारा करतील. लगेच मागे जाणारी गाडी नव्हती, म्हणून आम्ही बाहेर येऊन मिळेल ती जीप केली. जीपवाल्याने जे मागितलं ते मी दिलं. एरवी पाच रुपयांसाठी थांबणारी मी, भाव केला नाही.

जीपमध्ये आम्ही भांडलो. मी म्हटलं, "तुला सांगितलं होतं ना लक्ष ठेव म्हणून? झोप कशी लागली तुला?"

"चार वाजताची उठेल हावो मी. न् तुमी कुठी होता? डब्याच्या त्या टोकाले भाषण देऊन राह्यल्या व्हत्या ना?"

रेखाच रडायला लागली. मग माझा फोन वाजला. प्रकाश.

"ताई, कुठी पोचले? आई कशी हाय?"

रेखा माझ्या तोंडाकडे पाहत होती. मी म्हटलं, "बरी आहे. जरा डोळा लागलाय तिचा."

"उठवू नका मंग. गोळी दिली ना?"

"दिली," मी म्हटलं.

गोळी माझ्या गळ्यातल्या पिशवीत होती.

मुदखेडला पोचलो. तिथले स्टेशन मास्तर साहेब म्हणाले, तीनदा पुकारलं, कोणी आलं नाही. कुठे अपघाताची खबरही नाही, असं त्यांनी आपण होऊन सांगितलं. तरी मी रुळांकडे पाहिलं नाही. एक रेल्वे पोलीस सोबत दिला. त्याने फोटो मागितला. फोटो कुठला असणार? मग आधार कार्ड आठवलं. पिशवी उघडली. काकूंचं कार्ड, काकूंची रक्तदाबाची गोळी, काकूंचे रुमालात बांधलेले दोनशे रुपये, प्रकाशचा नंबर लिहिलेली चिठ्ठी, आणि तिघींचं मिळून एक तिकीट.

पोलिसाने सगळं पाहिलं आणि साधेपणाने विचारलं, "हे सगळं तुमच्याकडे. मग बाईंजवळ काय आहे?"

तो प्रश्न मी अजून विसरले नाही.

फलाट पाहिले, बाकं पाहिली, बायकांची खोली पाहिली. बाहेर आलो. मुदखेडला फुलं फार. स्टेशनच्या दाराबाहेर दहा-बारा बायका झेंडूचे ढीग घालून माळा करत बसल्या होत्या, त्याही हिरव्यात. मी त्यांना विचारलं, "हिरव्या साडीतली म्हातारी पाहिली का हो कोणी?"

एक हसली. "बाई, इथं दुसऱ्या रंगाची दाखवा, इनाम देते!"

पोलीस हरवल्याचा कागद करायला आत गेला. मी रेखाला रिक्षाच्या थांब्याकडे पाठवलं आणि एकटीच परत फिरले. ऊन चढलं होतं, सकाळच्या चहाशिवाय पोटात काही नव्हतं. प्रकाशला आता फोन करायलाच हवा, हे कळत होतं. नंबर काढला. काय बोलायचं ते जुळवत फुलवाल्यांसमोरून चालले होते, तेवढ्यात मागून आवाज आला.

"अवं शोभा! गेला का तो?"

वळून पाहिलं. फुलवाल्यांच्या रांगेत, पदर नाकापर्यंत ओढलेली, मांडीवर अर्धी माळ, हातात सुई. पदर वर झाला. हनुवटीवर तीन टिपके.

मी तिथेच मातीत बसले. त्यांचे पाय चाचपले, हात चाचपले. "लागलं का? पडल्या का?"

"मी काऊन पडू? गाडी थांबेल असतानाच उतरली. तूच कुठी गेलती वं? नळावर हिरव्या साडीची बाई पाठमोरी उभी व्हती. मनलं शोभा हाय. गाडी तं वापस चालली, हिले मालूमच नाही. जाऊन हात धरला तं दुसरीच बाई! मागं पाह्यलं तं गाडी निघाली."

"मग पुकारा ऐकू आला नाही का? तुमचं नाव घेतलं तीनदा!"

काकूंनी आवाज खाली केला. "आलं ना ऐकू. म्हणूनच तं बाहेर पळाली. माह्यापाशी तिकीट नाही. भोंग्यात नाव आलं म्हणजे धरतेत की नाही? या बायांनी बसू देल्लं. मनल्या, माळ कर, कोणी पुसणार नाही."

"आणि मी मघाशी इथेच उभी होते की! तेव्हा का नाही बोलल्या?"

"तुह्या संग पोलीस व्हता ना. मले वाटलं तुलेही धरलं. मनलं, एक तरी सुटलेली बरी. सुटून प्रकाशले सांगता तं येईन."

फुलवाल्या पोट धरून हसत होत्या. रेखा धावत आली आणि काकूंच्या गळ्यात पडून पुन्हा रडली. मी हसलेही नाही आणि रडलेही नाही. पोलिसाला, साहेबांना हात जोडले. काकूंनी केलेल्या माळांपैकी दोन त्या बायकांनी आम्हाला देवीसाठी दिल्या, पैसे घेतले नाहीत.

मी म्हटलं, आता घरी जाऊ. काकू म्हणाल्या, "इथवर येऊन? देवी काय म्हनंल?" दुपारच्या गाडीने निघालो. नवीन तिकीट काढलं, यावेळी तीन वेगवेगळे कागद. काकूंनी आपला कागद ब्लाऊजमध्ये ठेवला आणि बासरपर्यंत चारदा काढून पाहिला. मी खिडकीकडे पाहिलंच नाही. त्यांचा पदर माझ्या बोटाला गुंडाळून बसले.

बासरला जाणाऱ्यांसाठी थोडक्यात. स्टेशनवरून देवळापर्यंत शेअर ऑटो मिळतात. नवरात्रात रांग मोठी, दोन-तीन तास धरून चाला. देवीचा हळदीचा भंडारा प्रसाद म्हणून मिळतो. खोल्या भरलेल्या असतात, आम्ही मोठ्या हॉलमध्ये सतरंजीवर झोपलो. ज्यांच्या घरी लहान मुलं आहेत त्यांनी अक्षराभ्यासासाठी, म्हणजे देवीपुढे पहिलं अक्षर गिरवायला, पाटी-पेन्सिल घरूनच न्यावी. रांगेत आमच्यापुढे तेलुगू, मागे मराठी, आणि दोन्हीकडची लेकरं सारखीच रडत होती. मी गाभाऱ्यासमोर पोचले तेव्हा मागायचं काहीच सुचलं नाही. काकू शेजारी उभ्या आहेत ना, एवढंच पाहत राहिले. पुजारी पुढे चला म्हणाले.

दुसऱ्या दिवशी बसने मुधोळ, भैंसा, निर्मल करत आलो. भैंशाला आणि निर्मलला बस बदलावी लागते. बसायला जागा हवी असेल तर स्टँडवर आधी पोचा. आम्हा दोघींचं तिकीट शून्य. रेखा पैसे देताना कंडक्टरला म्हणाली, "मीही हरवायले पाह्यजे व्हतं, निदान सरकारनं पत्ता तं लिहून घेतला असता." काकू हसल्या. मी निर्मलचा घाट येईपर्यंत मनात एकच वाक्य जुळवत होते, प्रकाशला सांगायचं.

सांगितलं नाही. तो स्टँडवर घ्यायला आला होता, आईला पाहून त्याचा चेहरा असा खुलला की मी पिशव्याच उतरवत राहिले. शिवाय काकू आल्या आल्या गल्लीत सांगू लागल्या, "शोभा हरवली व्हती मुदखेडले. मी बसून राह्यली, तवा सापडली." लोक हसले. मीही हसले. पण तीन दिवस पूजेला बसले तरी "दिली" हा माझा शब्द कानात यायचा.

दसऱ्याला आपट्याची पानं घेऊन गेले तेव्हा प्रकाश ओट्यावर एकटा होता. मी सगळं सांगितलं. तिकीट, पिशवी, फोनवर जे बोलले ते.

तो पानं हातात फिरवत राहिला. "मले मालूम हाय, ताई. आईनं आल्या दिवशीच सांगतलं. गोळी संध्याकाळी घेतली हेही सांगतलं."

"मग तू काही बोलला का नाहीस?"

"काय बोलू? तुमी घाबरल्या असान. मी असतो तं मीही तेच बोललो असतो." मग म्हणाला, "पण ताई, आता तुमी 'बरी आहे' म्हटलं ना, तं माह्या जिवाले पटणार नाही. तेवढं मात्र झालं."

त्याने वाकून नमस्कार केला, सोनं घेतलं, चहाला थांबवलं. वाईट काहीच वागला नाही. मी घरी येऊन देवापुढे बसले.

तेव्हापासून माझ्यासोबत येणाऱ्यांसाठी नियम बदलले आहेत, ते लिहून ठेवते. ज्याचं तिकीट त्याच्याजवळ. कार्ड, गोळ्या, थोडे पैसे ज्याचे त्याच्याजवळ. ज्यांना वाचता येत नाही त्यांच्या पदराला घरच्यांचा नंबर शिवलेला. मुदखेडला गाडी उलटी जाते, हे निघण्याआधी, किनवटला आणि भोकरला असं तीनदा सांगायचं. साडी ज्याला जी आवडेल ती.

काकू कार्तिकात पुन्हा यायचं म्हणतात. मी अजून हो म्हटलेलं नाही. प्रकाश नाही म्हणालेला नाही. गेल्या आठवड्यात दोघींना घेऊन माहूरला गेले, तिथे एकीच्या नवऱ्याचा फोन माझ्या मोबाईलवर आला. बायको कशी आहे म्हणून विचारत होता. ती शेजारीच बसून केळं खात होती, चांगली होती. तरी मी उत्तर दिलं नाही. फोन तिच्या हातात दिला.